आळ्यातलं तांबं

मे संपत आला की कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या संत्राबागांची खोडं निळी व्हायला लागतात. नागपूरहून अमरावतीकडे निघालं आणि कोंढाळी मागे पडली, की महामार्गाच्या दोन्ही अंगांना अधूनमधून अशी बाग दिसते. बुंध्यापासून कंबरेपर्यंत फिकट निळा लेप आणि वर गर्द हिरवा घुमट. रस्त्याकडेच्या झाडांना गेरू-चुना फासतात तसलाच काही प्रकार असेल, असं गाडीतल्या माणसाला वाटतं. तो बोर्डो मलम असतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. पावसाळ्याआधी एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा तो खोडाला लावावा, ही शिफारस संत्रा पिकवणाऱ्या घराघरात पाठ आहे. हेच दोन जिन्नस तेवढेच घेऊन शंभर लिटर पाण्यात कालवले की एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण होतं; ते झाडावर फवारतात.

हे मिश्रण करणं बघण्यासारखं असतं. मोरचूद एका प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये विरघळवायचं, चुना दुसऱ्यात. लोखंडी भांड्याला हात लावायचा नाही. मग दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या ड्रममध्ये ओतत काठीने ढवळत राहायचं. आभाळासारखा निळा रंग आला म्हणून काम झालं असं होत नाही. विळा घ्यायचा, त्याचं पातं मिनिटभर त्या पाण्यात बुडवायचं आणि बाहेर काढून उजेडात धरायचं. पात्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी पडलाय. चुन्याची आणखी निवळी घालायची, पुन्हा ढवळायचं, पुन्हा विळा बुडवायचा. पातं होतं तसं निघालं की फवारा भरायला हरकत नाही. ही परीक्षा न करता मारलं तर कोवळी पालवी जळते.

विळ्यावर चढतो तो थर धातुरूप तांब्याचा. पाण्यात मोकळं फिरणारं तांबं लोखंडाला हटवून त्याच्या जागी बसतं. चुना घातला की ते बांधलं जातं आणि लोखंडाच्या वाटेला जात नाही. तांबं मोकळं आहे की बांधलेलं, आणि लोहाशी त्याचं काय चाललंय, हे दोन प्रश्न मातीतही सुटत नाहीत. जड धातूंच्या मातीत झाडं काय करतात हे समजून घ्यायचं तर वर्धा जिल्ह्यातल्या या तालुक्यात कारखान्याचं धुराडं शोधायची गरज नाही. कोणत्याही जुन्या संत्राबागेचं आळं पुरेसं आहे.

आता हे तांबं येतं कशासाठी? डिंक्यासाठी. फायटोप्थोरा नावाचा बुरशीसारखा जीव पाणी साचलेल्या मातीत अक्षरशः पोहत मुळांपर्यंत आणि बुंध्यापर्यंत पोचतो. साल फाटते, डिंक गळतो, तंतुमुळं कुजतात आणि झाड शेंड्याकडून वाळत खाली येतं. कारंजा, आष्टी, आर्वी हा वर्धा जिल्ह्याचा संत्रापट्टा. शेजारच्या वरुड तालुक्यातलं शेंदुरजना घाट कलमांसाठी नावाजलेलं. तिथली कलमं जंबेरीच्या खुंटावर बांधलेली असतात. जंबेरी जोमदार खरी, पण डिंक्यापुढे कच्ची. त्यात डोंगराच्या अंगाला मुरमाड असलेली इथली जमीन नाल्याकडे उतरत गेली की भारी, काळी, चिकण होते आणि झडीच्या पावसात तिच्यातलं पाणी हलत नाही. म्हणजे रोगाला हवी तशी माती आणि रोगाला हवा तसा खुंट. कास्तकाराच्या हाती उरतं ते मोरचूद.

या औषधाचा जन्म फ्रान्सातला. बोर्दो शहराजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मळेवाले मोरचूद आणि चुना शिंपडत. रोगाचा त्यात संबंध नव्हता. वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत, वेल विषारी दिसावी, एवढाच हेतू. त्या सुमाराला अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगाने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त होत होते. रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्या राहिल्या. पिएर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ते नजरेत आलं, त्याने प्रयोग केले आणि १८८५ साली हे मिश्रण जगापुढे ठेवलं. चोरांसाठी केलेली युक्ती जगातलं एक अत्यंत यशस्वी बुरशीनाशक ठरली. सव्वाशे-दीडशे वर्षं झाली, बुरशीला त्याची फारशी सवय जडलेली नाही. सेंद्रिय शेतीवालेसुद्धा ते वापरतात. मात्र त्याच बोर्दोच्या मळ्यांची माती आज तांब्याने इतकी भरली आहे की युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो तांब्याची मर्यादा घातली.

हा आकडा आपल्याकडच्या बागेला लावून पाहू. मोरचुदाच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा तांबं असतं. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत एकरी एकशेदहाच्या आसपास झाडं बसतात. मोठ्या झाडाला आठ लिटर मिश्रण धरा. एका फवारणीत एकरी नऊ किलोच्या आसपास मोरचूद गेलं, म्हणजे सव्वादोन किलो तांबं. वर्षाला दोन फवारण्या केल्या तर साडेचार किलो. युरोपची मर्यादा एकराच्या हिशेबात आणली तर १.६ किलो होते. यात खोडाचा मलम धरलेला नाही, आणि कॉपर ऑक्सिक्लोराईडची आळ्यात केलेली आळवणीही नाही. त्या भुकटीत तर निम्मं तांबंच असतं. सगळेच कास्तकार दरवर्षी दोनदा फवारत नाहीत, पैसा आणि मजूर यांचा मेळ बसला तर फवारतात, हे खरं. पण वीस वर्षांच्या बागेत हिशेब जमत जातो. एकरभर जमिनीच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थराचं वजन नऊ लाख किलोच्या घरात. साडेचार किलो तांबं त्यात सारखं पसरलं तर दर किलो मातीला ५ मिलिग्रॅमची भर पडते. वीस वर्षांत १०० मिलिग्रॅम. प्रत्यक्षात ते सारखं पसरत नाहीच. पानांवरून ओघळून, पाऊस झेलून ते झाडाखालच्या आळ्यात पडतं आणि तिथेच राहतं.

राहतं हे महत्त्वाचं. नत्र वाहून जातं, हवेत उडतं. कीटकनाशकांचे रेणू कमी-अधिक काळाने तुटतात. तांबं हे मूलद्रव्य आहे, त्याला तुटायला जागाच नाही. चिकणमातीचे कण आणि कुजलेला सेंद्रिय पदार्थ त्याला असे धरून ठेवतात की ते फार खोलही जात नाही. जी काळी माती पाणी अडवून डिंक्याला बोलावते, तीच डिंक्यावरचं औषध गच्च धरून बसते.

इथे घाबरून जाण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. आपली माती मुळातच तांब्याची. दख्खनच्या बेसाल्ट खडकात किलोला शंभर मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त तांबं सहज सापडतं, ग्रॅनाइटच्या प्रदेशापेक्षा कितीतरी अधिक. तेव्हा मातीत तांबं सापडलं एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. एकूण किती आहे यापेक्षा मुळाला किती भेटतं, हा खरा प्रश्न.

त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर फ्लोरिडाने दिलं. तिथली संत्र्या-मोसंब्यांची जमीन पांढरी वाळू, आम्लधर्मी, रिकामी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या झाडांच्या फांद्या वाळत, सालीवर डिंकाचे फोड येत. कारण निघालं तांब्याची कमतरता. तांबं दिलं, झाडं सुधारली, आणि मग दरवर्षी देत राहण्याची सवय लागली. शिवाय फवारण्या होत्याच. १९५० च्या दशकात रॉयटर आणि स्मिथ या संशोधकांनी दाखवून दिलं की जुन्या बागांमध्ये आता तांब्याचीच बाधा होते आहे. तंतुमुळं आखूड, जाड, काळपट. आणि नवी पानं पिवळी. उपाय काय, तर तांबं बंद करा आणि जमिनीत चुना घाला. चुन्याने आम्लता गेली, तांबं बांधलं गेलं, झाडं सावरली.

कारंज्याच्या जमिनीला तो चुना निसर्गानेच घालून ठेवलाय. काळ्या मातीत खाली चुनखडीचे खडे असतात, सामू आठच्या आसपास असतो. त्यामुळे फ्लोरिडात ज्या प्रमाणाला झाड आडवं पडलं असतं, त्याला आपलं झाड पचवून उभं राहतं. पण ही कृपा एकट्या तांब्यापुरती नाही. चुना लोह आणि जस्तही बांधून टाकतो. म्हणूनच आपल्या संत्राबागांत जस्ताची कमतरता जुनी आणि सर्वदूर. नागपूरला १९८५ साली सुरू झालेल्या आणि आता केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या कामात जस्त आणि लोह ही नावं सतत येतात. जस्त हाही जड धातूच. एकाच आळ्यात एक जड धातू गरजेपेक्षा जास्त पडलेला आणि दुसऱ्यासाठी झाड उपाशी.

पिवळ्या पानाची भाषा वाचता येणारे कास्तकार आहेत. जुनं, खालचं पान सगळंच्या सगळं पिवळं पडलं तर नत्र. नवं पान पिवळं आणि शिरांची हिरवी जाळी उठून दिसते, ते लोह. पान बारीक, अरुंद, शेंड्याला झुपका झालेला आणि शिरांच्या मध्ये पिवळे चट्टे, ते जस्त. अडचण अशी की तांबं जास्त झालं तर त्याचं वेगळं असं पान नसतं. ते लोहाच्या कमतरतेचं सोंग घेऊन येतं. मग दुकानातून फेरस सल्फेट आणलं जातं, आणि पुढच्या पावसात डिंक्याच्या भीतीने पुन्हा मोरचूद. पान पाहून रोग ओळखण्याची ही मर्यादा मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त खटकते, कारण आपली सगळी सल्ला-यंत्रणा पानाच्या फोटोवर चालली आहे. कास्तकार व्हॉट्सॲपवर पान पाठवतो, पलीकडून औषधाचं नाव येतं. मुळाचा फोटो कोणी मागत नाही.

मुळाशी काय चालतं? मुळाच्या टोकाशी बुळबुळीत चिकट थर असतो आणि पेशीभित्तिकेत पेक्टिन. हेच पेक्टिन संत्र्याच्या सालीतही भरपूर. या दोन ठिकाणी तांब्याचे आणि शिशाचे आयन आधी अडकतात. बाधा झालेल्या झाडाच्या मुळात पानापेक्षा कित्येक पट तांबं सापडतं ते यामुळे. शिवाय मूळ स्वतः काही आम्लं बाहेर सोडतं, त्यांतलं एक सायट्रिक आम्ल, ज्याला या लिंबू-कुळाचंच नाव मिळालं आहे. हे आम्ल धातूला आपल्याशी जखडून त्याची धार बोथट करतं, काही वेळा हवा असलेला धातू मातीतून सोडवूनही आणतं. लिंबूवर्गीय झाडांच्या मुळांवर केशमुळं अगदी तोकडी. मातीतून स्फुरद, जस्त, तांबं गोळा करायचं बरंचसं काम मायकोरायझा ही मित्रबुरशी करते. आता आपण आळ्यात ओततो ते बुरशीनाशक. कोणती बुरशी मित्र आणि कोणती शत्रू, हे तांब्याला कुठून कळणार?

अडवूनही काही धातू आत येतातच, कारण मुळाला दारं बंद ठेवून चालत नाही. प्रकाशसंश्लेषणाच्या साखळीत तांब्याचं एक प्रथिन असतं, जस्ताशिवाय शेकडो विकरं चालत नाहीत, लोहाशिवाय हरितद्रव्य बनत नाही. त्या-त्या धातूसाठी पेशीच्या आवरणात वाहक प्रथिनं असतात, आणि ती फार चोखंदळ नसतात. लोहासाठी उघडलेल्या वाटेने जस्त, मँगनीज आणि कॅडमियमही आत येतं. लोह कमी पडलं की झाड या वाटा आणखी उघडतं. म्हणजे उपाशी झाड विषालाही जास्त वाट देतं. भाताच्या मुळातल्या मँगनीजच्या अशाच एका वाहकातून कॅडमियम शिरतं, हे जपानी संशोधकांनी २०१२ साली सिद्ध केलं. जपानला ही विवंचना असायचं कारण आहे. तोयामा प्रांतातल्या जिंझू नदीत कामिओका खाणीचं कॅडमियम उतरलं, नदीचं पाणी भातखाचरांत गेलं, आणि भात खाणाऱ्या बायकांची हाडं ठिसूळ होऊन मोडू लागली. इताई-इताई म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, असं त्या आजाराचं नाव. १९६८ साली तिथल्या सरकारने तो प्रदूषणातून आलेला आजार म्हणून मान्य केला. त्या खाचरांतला भात काही मरून गेलेला नव्हता. दाणा धरण्याइतका तो जगत होता, आणि घात तिथेच झाला.

आत आलेल्या जादा धातूचं झाड काय करतं, याचा मोठा धागा १९८५ साली म्युनिकमध्ये सापडला. ग्रिल, विनाकर आणि झेंक यांनी पेशींना कॅडमियम दिलं तेव्हा त्या पेशींनी गंधकाने भरलेल्या लहान प्रथिन-साखळ्या तयार केल्या. त्यांना नाव मिळालं फायटोकेलेटिन. धातूचा आयन त्यांच्या गंधकाला चिकटतो, ती जोडगोळी पेशीतल्या रिक्तिकेत नेऊन टाकली जाते आणि तिथे ती निरुपद्रवी पडून राहते. ज्या वनस्पतीच्या पेशी त्यांनी वापरल्या होत्या ती आपली सर्पगंधा. या साखळ्या ग्लुटाथायोनपासून बनतात, जे माणसाच्या यकृतातही हेच विष उतरवायचं काम करतं. झाडाला हे फुकट पडत नाही. गंधक लागतं, नत्र लागतं, ऊर्जा लागते; वाढीसाठीची शिदोरी संरक्षणावर खर्च होते. त्यातूनही मोकळं राहिलेलं तांबं पेशीत ऑक्सिजनचे उग्र रेणू तयार करतं, ते आवरणातली स्निग्धं जाळत सुटतात. त्यांना विझवणाऱ्या विकरांपैकी एकाच्या पोटातच तांबं आणि जस्त असतं. विष आणि उतारा एकाच धातूत, फरक मात्रेचा.

या सगळ्यात झाडांचे स्वभाव पडतात. ॲलन बेकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९८१ साली ते मांडले. बहुतेक झाडं धातूला मुळाशीच रोखणारी, संत्रा त्यांतलं. काही मातीत जितकं असेल तितकं पानात दाखवणारी. आणि मोजकी, अगदी मोजकी, धातू ओढून साठवणारी. न्यू कॅलेडोनिया बेटावर चिकूच्या कुळातलं एक झाड आहे. त्याच्या सालीला खाच पाडली की निळसर हिरवा चीक गळतो, आणि त्या सुकलेल्या चिकाचा चौथा हिस्सा निकेल असतो. १९७६ साली त्याचा शोध जाहीर झाला तेव्हा कोणाचा पटकन विश्वास बसला नाही. फ्लोरिडात लाकूड टिकवण्याच्या रसायनांनी दूषित झालेल्या एका जागेवर सापडलेलं प्टेरिस विटाटा हे नेचं प्रयोगात कोरड्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त आर्सेनिक पानात साठवतं, हे २००१ मध्ये जाहीर झालं. हे नेचं आपल्याकडेही उगवतं. जुन्या चुनेगच्ची भिंतीच्या फटीत पाहा.

अशा बातम्या आल्या की एक वाक्य हमखास छापून येतं: झाडं माती स्वच्छ करतात. ते वाक्य आपल्या आळ्यातल्या तांब्याला लावून बघू. वीस वर्षांत किलोला १०० मिलिग्रॅम भर पडली, म्हणजे एकरात ९० किलो तांबं. एखादं जोमदार पीक एकरी चार टन कोरडा पाला-काडी देतं आणि त्यात किलोला २० मिलिग्रॅम तांबं आहे, असं धरलं तर सगळं पीक मुळासकट बाहेर नेऊन वर्षाला ८० ग्रॅम तांबं निघेल. ९० किलो काढायला अकराशे वर्षं लागतील. साठवणारं नेचं किंवा निकेलचं झाड आणून लावलं तरी तांब्याचं काही होत नाही. बहुतेकांचा एकेक धातू ठरलेला. मोहरी, सूर्यफूल, अंबाडी यांच्यावरचे प्रयोग वाचताना हा भागाकार आधी करावा, मग टाळ्या वाजवाव्यात.

याचा अर्थ झाडं काहीच करत नाहीत असाही नाही. कारंज्याहून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास नागपूर, आणि नागपूरच्या उत्तरेला खापरखेडा वीजकेंद्र. कोळसा जळून उरलेली राख म्हणजे दगडाचं पीठ. त्यात लोह, मँगनीज, जस्त, निकेल, तांबं, क्रोमियम, शिसं हे सगळे, आणि नत्र-स्फुरद जवळजवळ नाही. उन्हाळ्यात ती उडते. नागपूरच्या नीरी या संस्थेच्या आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दहा हेक्टर राखेच्या ढिगावर झाडं लावली. नुसती रोपं खड्ड्यात ठेवली नाहीत. शेणखत घातलं, नत्र बांधणारे जिवाणू दिले. तीन वर्षांत जवळजवळ सगळा ढीग हिरवा झाला. मग त्यांनी त्या झाडांतले धातू मोजले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात धातू साठवण्यात पहिला नंबर लागला तो काशीदचा, जो आपण रस्त्याकडेला पिवळ्या फुलांसाठी लावतो आणि ओळखतही नाही. काशीदने राखेचं सोनं केलं नाही. राख जागच्या जागी धरली, उडू दिली नाही, वर मातीचा पातळ थर जमू दिला. हे काम धातू काढण्यापेक्षा कमी चमकदार असलं तरी होण्यासारखं आहे. राख सैल राहिली तर काय होतं हे जुलै २०२२ मध्ये कोराडी वीजकेंद्राचा खसाळ्याजवळचा राखेचा बांध फुटला तेव्हा दिसलं; आजूबाजूची वावरं आणि नदी राखेने भरून गेली.

वाचकाच्या मनात एव्हाना आला असेल तो प्रश्न: मग संत्रं खावं की नाही? खुशाल खावं. मुळाने रोखलेलं तांबं फळापर्यंत फारसं येत नाही, आणि माणसाच्या शरीरालाही तांबं थोडं लागतंच. सालीवर फवारणीचा निळा डाग असेल तर फळ धुऊन घ्यावं, एवढंच. काळजी करायची तर पालक, मेथी, चवळाई, राजगिरा या पालेभाज्यांची, आणि तांब्यापेक्षा कॅडमियम-शिशाची. शहराच्या सांडपाण्यावर वाढलेला पालक गर्द हिरवा, लुसलुशीत असतो. सांडपाण्यातलं नत्र त्याला मिळालेलं असतं. त्याच पानात कॅडमियम असू शकतं. पालेभाजीसाठी आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाने कॅडमियमची मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम ठेवली आहे. एवढ्याने पालक कोमेजत नाही, त्याचा रंगही उतरत नाही. तांबं झाडाला आधी त्रास देतं, म्हणून माणूस वाचतो. कॅडमियम झाडाला सोडून देतं.

मग मोजणार कोण? २०१५ पासून जमीन आरोग्य पत्रिका मिळते, तिच्यात बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. तांबं आहे यादीत. पण ते मोजायचं कशासाठी, तर कमी पडलंय का हे पाहण्यासाठी. डीटीपीए नावाच्या द्रावणात मातीतलं जेवढं तांबं सुटून येतं ते किलोला ०.२ मिलिग्रॅमच्या वर असलं की ‘पुरेसे’. ०.३ असलं तरी पुरेसे, ३० असलं तरी पुरेसेच. खाली उंबरठा आहे, वर छत नाही. कॅडमियम आणि शिसं तर पत्रिकेत नाहीतच. गंमत अशी की शहरी कचऱ्याच्या खतासाठी खत नियंत्रण आदेशात तांब्याला किलोला ३०० मिलिग्रॅम, कॅडमियमला ५, शिशाला १०० अशी वरची मर्यादा लिहिलेली आहे. खताच्या पोत्याला छत आहे, ते पोतं ज्या वावरात रिकामं होतं त्याला नाही.

बागेत करण्यासारखं जे आहे ते जुनंच आहे, आणि डिंक्यापासून सुरू होतं. पाणी बुंध्याला टेकू न देणं, दोन आळी वापरून खोड कोरडं ठेवणं, भारी जमिनीत चर काढणं, कलमाचा डोळा मातीच्या बराच वर राहील असं लावणं. पाणी साचलं नाही तर फायटोप्थोराला पोहायला जागा नाही, आणि मग कॅलेंडर पाहून फवारण्याची गरज उरत नाही. मलम खोडालाच लागावा, आळ्यात ओतला जाऊ नये. लोह-जस्त द्यायचं तर चुनखडीच्या जमिनीत ओतण्यापेक्षा पानांवर फवारलेलं झाडाला लवकर मिळतं. आणि शेणखत. कुजलेला सेंद्रिय पदार्थ तांब्याला जितकं घट्ट धरतो तितकं दुसरं काही क्वचितच धरतं. हा गवळाऊ गाईंचा मुलूख. याच तालुक्यात हेटीकुंडीला गवळाऊचं पैदास केंद्र आहे. गोठे रिकामे होत गेले तसं शेणखत महाग झालं, आणि कोंबडखताच्या गाड्या येऊ लागल्या. कोंबड्यांच्या खाद्यात तांबं आणि जस्त मिसळतात, ते त्या खतातून वावरात उतरतं. वाईट म्हणून नाही, मोजून वापरावं म्हणून सांगतोय.

मला जास्त चिंता उभ्या बागांपेक्षा काढलेल्या बागांची वाटते. २०१९ च्या उन्हाळ्यात विदर्भात पाण्यावाचून कितीतरी संत्राबागा वाळल्या. एरवीही वीस-पंचवीस वर्षांनी झाडं थकतात, जेसीबी येतो, बुंधे उपटतो आणि पुढच्या मृगाला तिथे सोयाबीन किंवा तूर पडते. संत्र्याची मुळं खोल गेलेली होती, वरच्या थरातलं तांबं त्यांनी चालवून घेतलं. नव्या पिकाचं कोवळं मूळ पहिले काही आठवडे नेमकं त्या वरच्या थरातच असतं. दक्षिण फ्रान्समध्ये जुने द्राक्षमळे मोडून पेरलेल्या गव्हावर हाच प्रश्न आला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात आम्ल जमिनीबरोबर चुनखडीच्या जमिनीतल्या गव्हाच्या मुळांतही तांबं भरलेलं मिळालं आणि पानांवर लोह कमी पडल्याचा पिवळेपणा दिसला. चुना आहे म्हणून निर्धास्त राहावं, हा माझाही समज होता तितका पक्का ठेवायला तो अभ्यास जागा देत नाही.

त्यामुळे बाग काढायची ठरली की जुन्या रांगा पुसल्या जाण्याआधी मातीचे दोन नमुने घ्यावेत. एक बुंध्यापासून हातभर अंतरावर, आळ्यातला; एक दोन ओळींच्या मधल्या जागेतला, जिथे फवारा क्वचितच पडला. दोन्ही वरच्या पंधरा सेंटिमीटरचे, वेगळ्या पिशव्यांत, वेगळ्या चिठ्ठ्या घालून. प्रयोगशाळेकडून ‘पुरेसे’ हा शब्द घेऊन यायचं नाही, तांब्याचा आकडा लिहून मागायचा. आळ्यातला आकडा मधल्या जागेच्या कितीतरी पट निघाला तर त्या पट्ट्यांत शेणखताचा हात सैल सोडावा आणि पहिल्या वर्षी तिथल्या पिकाचं एखादं रोप मुळासकट उपटून बघावं. आखूड, जाड, काळपट मुळं डोळ्यांनीही दिसतात. आणि माती गोळा करायला जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलं घेऊ नये. प्लॅस्टिकचं घ्यावं, नाहीतर अहवालात जस्त भरपूर येईल आणि ते वावरातलं नसून घमेल्याचं असेल.